पट्टी कोणाची ?

नागपुरास थंडी पडूं लागली आणि स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, कीं शाळाशाळांतून तालमींचा गलबला सुरू होतो. एका वर्गांत लेझीम घुमत असते, दुसऱ्यांत नाटकांतील संवादांची घोकणी चाललेली असते, आणि एखाद्या कोपऱ्यांतून समूहगीताचे सूर ऐकूं येतात. पूर्वीं या समूहगीतापुढें पेटी व तबला एवढाच सरंजाम असे. आतां त्यांच्या जोडीला गिटार, कीबोर्ड आणि बेस गिटार हीं वाद्येंही येऊन बसलीं आहेत. काळ बदलतो तशीं वाद्यें बदलतात. त्याबद्दल कोणीं विषाद मानण्याचें कारण नाहीं. परंतु या नव्या वाद्यांबरोबर एक जुनाच प्रश्न नवा वेष घेऊन आपल्यापुढें उभा राहिला आहे, आणि त्याविषयीं चार शब्द लिहावे अशी माझी इच्छा आहे. प्रश्न असा, कीं गाण्याची पट्टी कोणीं ठरवावयाची — गाणाऱ्यानें कीं वाजविणाऱ्यानें ?

वरवर पाहतां हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो क्षुल्लक नाहीं, हें मीं एका तालमींत प्रत्यक्ष पाहिलें. शाळा कोणती हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असा प्रकार कोणत्याही शाळेंत घडूं शकतो. समूहगीतांत नववींतील एक मुलगा होता. आदल्या वर्षापर्यंत त्याचा आवाज साऱ्या वृंदांत गोड म्हणून प्रसिद्ध होता. या वयांत मुलांचा आवाज फुटतो आणि पुढें सुमारें एक सप्तक खालीं उतरतो, हें आपण सर्वच जाणतों. त्याचेंही तसेंच झालें होतें. गाणें पांढरी पांचमध्यें बसविलेलें. अंतऱ्यांतील वरच्या स्वराशीं आला कीं त्याचा आवाज चिरके, आणि मागच्या रांगेंतून हसण्याची लकेर उठे. दोनतीन वेळां असें झाल्यावर वृंदाचा प्रमुख त्याला म्हणाला, “तूं आतां नुसते ओठ हलवीत जा.” मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो तालमीला आला नाहीं.

गाणें थोडें खालच्या पट्टींत घेतलें तर काय बिघडेल, असें मीं विचारलें. उत्तर मिळालें, “सर, गिटारीवर हीच पट्टी सोपी आहे.” म्हणजे चार बोटांच्या सोयीसाठीं एका मुलाचा कंठ बंद करण्यांत आला होता; आणि हें कोणीं दुष्टपणानें केलें नव्हतें. वाद्याची पट्टी हीच गाण्याची पट्टी, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें इतकेंच.

आपल्या संगीतानें या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. गवई बैठकीस बसला म्हणजे प्रथम तंबोरे जुळविले जातात. ते कोणत्या स्वरांत ? तर त्याच्या गळ्याला जो षड्ज मानवेल त्या स्वरांत. षड्ज हा कोठें खांबाला बांधून ठेवलेला नाहीं. ज्याचा षड्ज त्याच्या गळ्यांत असतो. म्हणूनच तंबोऱ्यांसाठीं नांवाजलेले मिरजेचे कारागीर पुरुषांसाठीं मोठा आणि स्त्रियांसाठीं लहान तंबोरा करीत आले आहेत. तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात, कांहींना पांच किंवा सहाही असतात. परंतु तारा कितीही असोत, त्या गाणाऱ्याची चाकरी करतात.

पेटीच्या आगमनानें ही गोष्ट थोडी अवघड झाली. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास हातानें भाता हालवून वाजवावयाची पेटी प्रचारांत आणिली, आणि पुढें ती घरोघर पोहोंचली. पेटीचे सूर पक्के. खुंटी पिळून ते चढवितां किंवा उतरवितां येत नाहींत. तेव्हां गवयाला काळी एक सोयीची असेल, तर पेटीवाल्यानें काळी एकमधून बोटें फिरविण्यास शिकावें, अशी रीत पडली. नंतर ‘स्केल चेंजर’ पेटी निघाली. तिच्यांत पट्ट्यांची सबंध ओळ बाजूला सरकवितां येते. बोटें ओळखीच्याच पट्ट्यांवर फिरतात आणि सूर मात्र चढतो किंवा उतरतो. पेटी कोणतीही असो, झुकावयाचें तें वाद्यानें, हें तत्त्व कायम राहिलें.

गिटारीवर बसवितात तो कॅपो म्हणजे याच युक्तीचें एक धाकटें भावंड होय. ज्या पालकांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. सतारीप्रमाणें गिटारीच्या मानेवरही धातूचे पडदे असतात. मात्र ते सतारीप्रमाणें सरकवितां येत नाहींत. एक पडदा पुढें गेलें कीं सूर अर्ध्या स्वरानें चढतो. कॅपो हा एक लहानसा चिमटा आहे. तो ज्या पडद्याजवळ बसवावा तेथून पुढेंच सर्व तारा वाजूं लागतात, आणि वाद्याची पट्टी तितकीच चढते. शब्द इटालियन आहे, आणि त्याचा अर्थ ‘मुख्य पडदा’ असा होतो. चिमटा तारा चढवितो, उतरवीत नाहीं. तरीही गाणें खालीं आणण्यास तो उपयोगी पडतो. वर सांगितलेलें गाणें पांढरी पांचमधून पांढरी चारमध्यें आणावयाचें झालें, तर गिटारवाल्यानें तिसऱ्या पडद्यावर चिमटा लावावा आणि पांढरी दोनची, म्हणजे ‘डी’ ची, सोपी बोटें धरावीं; ऐकूं येते ती पांढरी चार. गाणें एका स्वरानें उतरलें आणि बोटांनाही त्रास झाला नाहीं. मीं हीच युक्ति सुचविली आणि गिटारवाल्या मुलानें ती आनंदानें मान्य केली.

परंतु तेवढ्यानें काम संपलें नाहीं. बेस गिटार वाजविणाऱ्या मुलाची आतां तारांबळ उडाली. बेस गिटार म्हणजे खर्जाची गिटार. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिरानें १९५१ सालीं जी बेस गिटार बाजारांत आणिली, तिच्यावर चार तारा होत्या आणि वाजत्या तारेची लांबी ३४ इंच होती. आजही बहुतेक बेस गिटारींचें माप हेंच असतें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत खालच्या बाजूस आणखी एक जाड तार जोडण्याची पद्धति रुजली. या पांच तारा खालून वर पेटीच्या भाषेंत सांगावयाच्या तर पांढरी सात, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पांच अशा असतात. आमच्या या मुलाजवळ पांच तारांचीच बेस गिटार होती. गिटारवाला त्याला म्हणे, “डी वाजव,” आणि हा बिचारा खरोखरच डी वाजवी. पण चिमट्यामुळें गिटारींतून निघे ती पांढरी चार. दोघांचे सूर एकमेकांवर आदळूं लागले. शेवटीं त्यानें तोड काढली. दुसरा एक चिमटा आणून त्यानेंही तो आपल्या वाद्याच्या तिसऱ्या पडद्यावर बसविला. नांवें जुळलीं, सूर जुळले, आणि सर्वांनीं टाळ्या वाजविल्या.

मीं मात्र त्याला तो चिमटा काढावयास सांगितलें. आणि या लेखाचा खरा मुद्दा तो हाच. एकच वस्तु, एकाच गाण्यांत, एकाच पडद्यावर. मग ती एकाला योग्य व दुसऱ्याला अयोग्य कशी?

गिटारवाला एका वेळीं पांचसहा तारा छेडतो आणि मोकळ्या तारांच्या नादावर त्याचें सौंदर्य अवलंबून असतें. पट्टी बदलली कीं त्याच्या बोटांची सारी रचना मोडते. म्हणून त्याला चिमटा हवा. बेसवाला बहुधा एका वेळीं एकच स्वर वाजवितो. त्याच्या शेजारशेजारच्या तारांतील अंतर सर्वत्र सारखें असल्यामुळें बोटांचा एक नमुना बसला, कीं तोच नमुना जसाच्या तसा वर किंवा खालीं सरकवितां येतो. चिमटा जें काम करतो तें त्याचा हात स्वतः करूं शकतो. फक्त खऱ्या स्वरांचीं नांवें पाठ करण्याची तसदी घ्यावी लागते. त्या मुलानें चिमटा लावला तो ही तसदी टाळण्यासाठीं.

आणि ती टाळतांना त्यानें काय गमाविलें तें पहा. पांढरी चार हा षड्ज मानला तर पांढरी एक हा त्याचा पंचम होतो. तंबोऱ्याची पहिली तार आपण ज्या पंचमांत लावतों, तसा षड्जाच्या खालचा भारदस्त पंचम त्याच्या पांचव्या तारेवर पहिल्याच पडद्यावर तयार होता. चार तारांच्या बेसवर तो स्वर मिळत नाहीं. तिची सर्वांत खालची तार पांढरी तीनवर थांबते. पांचवी तार जोडली गेली ती अशाच स्वरांसाठीं. तिसऱ्या पडद्यावर चिमटा बसतांच वाद्याचा तळ पांढरी दोनवर आला, आणि त्याखालचे तीन स्वर त्या पंचमासह नाहींसे झाले. घराला तळघर बांधावयाचें आणि मग त्याचें दार खिळे ठोकून बंद करावयाचें, त्यांतलाच हा प्रकार झाला ! शिवाय गाणें उतरवितांना खर्जालाही खालीं जागा लागते. पांचवी तार ही ती जागा आहे. गाणाऱ्याला खालीं येतां यावें म्हणून मिळालेली मोकळीक आपल्या आळसासाठीं बुजवून टाकणें मला बरें वाटत नाहीं.

यावरून कोणी असें समजूं नये, कीं बेस गिटारीवर चिमटा हा सर्वथा वर्ज्य आहे. अशी एक जागा आहे, जेथें मी तो स्वतः होऊन सुचवीन. आणि पालकांनीं या ठिकाणीं विशेष लक्ष द्यावें अशी माझी विनंति आहे. शाळेंत बहुधा एकच बेस गिटार असते, आणि ती मोठ्या माणसांच्या मापाची असते. पांचवीसहावींतल्या मुलाला किंवा मुलीला ती शिकावीशी वाटली, तर हात पुरत नाहीं म्हणून त्यांना परत पाठविण्यांत येतें. गणित करून पाहूं. ३४ इंचांच्या तारेवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचें अंतर सुमारें १३ सेंटिमीटर भरतें. चार बोटें इतकीं फांकणें लहान मुलाला जवळजवळ अशक्य, आणि ओढून ताणून केल्यास मनगट दुखावण्याचें भय. आतां पांचव्या पडद्यावर चिमटा लावा. वाजत्या तारेची लांबी सुमारें साडेपंचवीस इंच, म्हणजे साध्या गिटारीइतकी, होते. आणि तेंच चार पडद्यांचें अंतर १० सेंटिमीटरांच्याही आंत येतें.

गंमत अशी कीं, या योजनेंत पांचही तारा पांच अर्ध्या स्वरांनीं चढून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पांच आणि पांढरी एक अशा होतात. त्यांतील पहिल्या चार म्हणजे चार तारांच्या बेसच्याच तारा. त्यामुळें चार तारांसाठीं लिहिलेले प्राथमिक धडे त्या मुलाला एक अक्षरही न बदलतां वाजवितां येतात. वर एक तार अधिक मिळते ती निराळीच. फेंडर यांच्या कारखान्यानें १९६५ सालीं जी पांच तारांची बेस काढली, तिच्या तारा नेमक्या याच क्रमानें लावलेल्या होत्या. म्हणजे हा चिमटा त्या लहान मुलाच्या हातीं कांहीं विद्रूप वस्तु देत नाहीं. एक पुरें वाद्य देतो.

मात्र हा पांगुळगाडा आहे, हें विसरूं नये. मूल उभें राहूं लागलें कीं आपण पांगुळगाडा माळ्यावर ठेवतों. त्याचप्रमाणें हात वाढेल तसा चिमटा पांचव्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून तिसऱ्यावर असा मागें आणीत जावा, आणि एके दिवशीं तो काढून टाकावा. बोटांचा नमुना तोच राहतो. अंतर तेवढें थोडथोडें वाढतें. अशा रीतीनें विद्यार्थी मोठ्या वाद्यापर्यंत स्वतःच्या पायांनीं पोहोंचतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी येथेंच सांगून ठेवतों. पांच तारांच्या बेसची मान रुंद असते आणि पांचव्या पडद्याजवळ ती आणखी रुंद होते. साध्या गिटारीचा चिमटा तेथें अपुरा पडण्याचा संभव आहे. विकत घेण्यापूर्वीं तो वाद्यावर लावून पहावा. दुसरें असें, कीं बेसची सर्वांत खालची तार सर्वांत वरच्या तारेच्या जवळजवळ तिप्पट जाड असते. चिमटा जाड तारेवर नीट बसतो आणि बारीक तार सैल राहून खरखरते, असें पुष्कळदां होतें. तो पडद्याच्या अगदीं लगत बसवावा, प्रत्येक तार वेगळी वाजवून पहावी, आणि चिमट्याच्या दाबानें सूर किंचित् चढला असल्यास तारा पुन्हां लावून घ्याव्या.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणतील, चिमटा ही लबाडी आहे. खरा वादक त्याच्या वाटेस जात नाहीं. स्केल चेंजर पेटीलाही असेंच बोल लावणारे लोक मला भेटले आहेत. मला हें म्हणणें पटत नाहीं. साधनांत लबाडी नसते, हेतूंत असते. वृद्ध माणसाच्या हातांतील काठीला आपण आळस म्हणत नाहीं. पण धडधाकट तरुणानें काठी टेंकीत चालावें, हेंही आपणांस रुचत नाहीं. काठी तीच, प्रश्न असतो तो हातांचा.

दुसरे कांहीं पालक म्हणतील, हीं परकीं वाद्यें. त्यांच्या बारकाव्यांत आमच्या मुलांनीं कां शिरावें? त्यांना मी आपल्याच गांवचा दाखला देतों. नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्याजवळ जीं मुलें गाणें शिकलीं, त्यांत वसंतराव देशपांडे होते, आणि रामचंद्र चितळकर हेही होते. वसंतरावांच्या नांवाचें सभागृह आज सिव्हिल लाइन्स भागांत उभें आहे. चितळकर पुढें सी. रामचंद्र या नांवानें संगीतदिग्दर्शक झाले, आणि १९४७ चा ‘शहनाई’ व १९५१ चा ‘अलबेला’ यांसारख्या चित्रपटांतून त्यांनीं पाश्चात्य वाद्यांचा आणि ठेक्यांचा मनमुराद उपयोग केला. नागपुरांत मिळालेली गाण्याची तालीम या वाद्यांच्या आड आली नाहीं. वाद्य परकें कीं आपलें, हें तें कोठून आलें यावर ठरत नाहीं. तें आपल्या गळ्याच्या सेवेला लागलें कीं नाहीं, यावर ठरतें.

म्हणून माझी सूचना अगदीं साधी आहे. समूहगीताची पहिली तालीम वाद्यांवांचून व्हावी. गाण्यांतील सर्वांत वरचा व सर्वांत खालचा स्वर शोधून काढावा. वृंदांतील प्रत्येकाला ते दोन्ही स्वर सुखानें लागतात कीं नाहीं हें पहावें. ज्यांचा आवाज फुटतो आहे त्यांना ओरडावयास लावूं नये, त्यांच्यासाठीं खालच्या अंगाची एखादी ओळ योजावी. अशा रीतीनें पट्टी ठरली, कीं मग वाद्यवाल्यांना बोलवावें आणि सांगावें, “ही आमची पट्टी. आतां तुम्ही हिच्यांत या.” गिटारवाला चिमट्यानें येईल, पेटीवाला पट्ट्या सरकवून येईल, बेसवाला हात सरकवून येईल. कोणी कसें यावें हा त्याचा प्रश्न. पण यावें त्यानें.

विद्यार्थिमित्रहो, चिमटा हातांत घेतांना स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा मी कोणासाठीं लावीत आहें ? दुसऱ्याचा गळा वाचावा म्हणून, किंवा लहानग्याचा हात पुरावा म्हणून लावीत असाल, तर खुशाल लावा; त्यांत लाज बाळगूं नका. केवळ स्वतःचे कष्ट वांचावे म्हणून लावीत असाल, तर तो पेटींत ठेवा आणि आणखी अर्धा तास सराव करा.

त्या बेसवाल्या मुलानें चिमटा काढला. आठ दिवस तो कुरकुरत होता, आणि नवव्या दिवशीं त्याला पांढरी चारमधील सारे स्वर चिमट्यावांचून सांपडूं लागले. खालचा तो पंचम त्यानें प्रथम वाजविला तेव्हां वर्गांतील बाकें किंचित् थरथरलीं, आणि त्याच्या तोंडावर जें हसूं उमटलें तें मी विसरणार नाहीं. राहिला तो नववींतील मुलगा. गाणें उतरविलें आहे असा निरोप त्याच्या घरीं पाठविला, तेव्हां तो परत आला आणि मागच्या रांगेंत उभा राहिला. संमेलनाच्या दिवशीं त्याचे ओठ हालत होते; आणि या वेळीं आवाजही येत होता.